प्रवाळांची जागा स्पंज घेतात तेव्हा

अमेरिकेतील फ्लोरिडाच्या किनाऱ्यालगतचा समुद्र २०२३च्या उन्हाळ्यात इतका तापला, की जुलैमध्ये मॅनेटी बे येथील उथळ पाण्यात ३८.४ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. अंगात ताप असलेल्या माणसाचे असते तेवढे हे तापमान. या उष्णतेने काय केले, याचा हिशेब ऑक्टोबर २०२५मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. फ्लोरिडा कीज आणि ड्राय टॉर्टुगास परिसरातील एल्कहॉर्न व स्टॅगहॉर्न या दोन जातींच्या प्रवाळांपैकी ९८ ते १०० टक्के वसाहती मेल्या. तिथली प्रवाळभित्ती हजारो वर्षे उभारत आलेल्या या जाती आता ‘कार्यदृष्ट्या नामशेष’ मानल्या जातात. म्हणजे काही वसाहती तग धरून असल्या, तरी भित्ती बांधण्याइतके त्यांचे बळ उरलेले नाही.

प्रवाळ मेले तरी समुद्रतळावरची जागा रिकामी राहत नाही. तिथे शेवाळ येते आणि स्पंजही पसरतात. नॉर्थ कॅरोलायना विल्मिंग्टन विद्यापीठातील सागरी परिसंस्थाशास्त्रज्ञ जोसेफ पॉलिक आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षे याच बदलाचा अभ्यास करत आहेत. फ्लोरिडातील कॉन्च रीफवर पिंपासारख्या दिसणाऱ्या महाकाय स्पंजांची घनता २००० ते २००६ या काळात ४६ टक्क्यांनी वाढल्याचे त्यांना आढळले.

स्पंज ही वनस्पती नव्हे. तो अतिशय साध्या रचनेचा प्राणी आहे. एका जागी बसून तो रोज स्वतःच्या आकारमानाच्या हजारो पट पाणी गाळतो आणि त्यातून अन्न मिळवतो. मग प्रवाळांऐवजी स्पंज वाढले तर बिघडले कुठे? फरक बांधकामाचा आहे. प्रवाळ चुनखडीचा सांगाडा तयार करतात. त्यातूनच लाटा अडवणारी आणि माशांना आसरा देणारी भित्ती उभी राहते. स्पंज अशी भित्ती बांधत नाहीत. उलट काही जाती चुनखडी पोखरून ती कमकुवत करतात.

सगळे स्पंज मात्र सारखे नसतात. काही जाती शरीरात बेचव किंवा विषारी रसायने तयार करतात. मासे त्यांच्या वाटेला जात नाहीत, पण रसायने बनवण्यात शक्ती खर्च होत असल्याने त्यांची वाढ सावकाश होते. ज्यांच्याकडे असे संरक्षण नाही त्या जाती झपाट्याने वाढतात. त्यांना आवर घालतात ते एंजलफिश आणि पॅरटफिश. पॉलिक यांच्या गटाने कॅरिबियनमधील १२ देशांतील ६९ ठिकाणे तपासली. जिथे मासेमारी अतोनात झाली होती, तिथे झपाट्याने वाढणाऱ्या स्पंजांचेच राज्य होते. अशा ठिकाणी सुमारे २५ टक्के प्रवाळांना स्पंज भिडलेले होते. मासेमारी कमी असलेल्या ठिकाणी हे प्रमाण १२ टक्के होते. स्पंज प्रवाळावर चढला की त्याचा प्रकाश अडतो आणि प्रवाळ गुदमरतो.

पॉलिक आणि सहकाऱ्यांनी २०१६मध्ये आणखी एक शक्यता मांडली. शेवाळ पाण्यात विरघळणारी शर्करा सोडते, ती स्पंज खातात. स्पंजांनी बाहेर टाकलेल्या पोषकद्रव्यांवर शेवाळ पुन्हा वाढते. या दुष्टचक्रात प्रवाळांना जागाच मिळत नाही. हे मत सर्वमान्य नाही. स्पंजांची संख्या माशांपेक्षा पाण्यातील अन्नावर ठरते, असे काही संशोधकांचे म्हणणे आहे.

हा वाद केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. ‘नोआ’ या अमेरिकी संस्थेने २०१९मध्ये फ्लोरिडा कीजमधील सात ठिकाणी प्रवाळांच्या पुनर्लागवडीचा मोठा कार्यक्रम जाहीर केला. २०२३च्या उष्णतेनंतर तिथे कोणते प्रवाळ लावायचे, याचाच नव्याने विचार करण्याची वेळ आली आहे. पण उष्णता सोसणारे प्रवाळ लावले, तरी त्यांना शेजाऱ्यांशी जागेसाठी झुंजावे लागणारच. शेवाळ आणि स्पंज खाणारे मासे पाण्यात नसतील, तर ही झुंज प्रवाळांना जड जाईल.

समुद्राचे तापमान कोणत्याही एका देशाच्या हाती नाही. मासेमारीचे नियम मात्र आहेत. बेलीझने २००९मध्येच पॅरटफिश पकडण्यावर बंदी घातली. एंजलफिशही सापडतात अशा पिंजऱ्यांवर निर्बंध घालणे, हे तसेच हातातले काम आहे. यामुळे तापलेले पाणी थंड होणार नाही. पण उष्णतेतून वाचलेल्या प्रवाळांना पुन्हा वाढण्यासाठी जागा तरी शिल्लक राहील.