वीर स्टेशनवर गाडी थांबते, पण कुणासाठी?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. कोकणात ज्यांचं कुणी आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आमच्या वारज्यातल्या सोसायटीत महाडकडचे एक काका राहतात. गावाला जायचं तर स्वारगेटहून एसटी, भोरवरून वरंधा घाट. पावसाळ्यात घाट बंद झाला की चांदणी चौकातून ताम्हिणी, मग माणगाव, मग महाड. परवा मी सहज विचारलं, "काका, रेल्वेने का नाही जात? वीर स्टेशन आहे की!" काका हसले. "अरे, वीरला गाडी थांबते रे. पण आमच्यासाठी नाही."

हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

आधी इतिहास बघू. कोकणात रेल्वे यावी म्हणून अ. ब. वालावलकरांनी आयुष्य घातलं. बॅ. नाथ पै संसदेत भांडले. मधू दंडवते त्यासाठी झगडत राहिले. 1986 पर्यंत रूळ रोह्यापर्यंत पोहोचले आणि तिथेच अडकले. 1990 मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ उभं राहिलं, ई. श्रीधरन यांच्या हाती काम आलं. पैसा केंद्राचा एकट्याचा नव्हता. रेल्वेचा वाटा 51 टक्के, महाराष्ट्राचा 22, कर्नाटकचा 15, गोवा आणि केरळचा प्रत्येकी 6.

महाराष्ट्रात या रेल्वेचा पहिला टप्पा कुठला? रोहा ते वीर. 1993. पुढे खेडपर्यंत रूळ जायला 1995 उजाडलं. म्हणजे दोनेक वर्षं आपल्या बाजूची कोकण रेल्वे वीरलाच संपत होती. महाड तालुक्यातलं एक खेडं अख्ख्या कोकणच्या स्वप्नाचं शेवटचं स्टेशन होतं!

आणि हे स्टेशन म्हणजे नुसतं खेड्यातलं स्टेशन नाही. रायगडावर जाणाऱ्याचं हे जवळचं स्टेशन. 20 मार्चला चवदार तळ्यावर देशभरातून माणसं येतात, त्यांचंही. राज्याभिषेक आणि समतेचा संगर, दोन्हीकडे जाण्याचा रेल्वेचा दरवाजा हाच. दुसऱ्या एखाद्या राज्यात असतं तर काय थाट केला असता!

आपण काय केलं? लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या इथून धाडधाड निघून जातात. थांबल्याच, तर बऱ्याचदा क्रॉसिंगसाठी. ऑगस्ट 2021 मध्ये रोहा-वीर दुपदरी झालं, वीरनंतर मात्र एकेरी. समोरून गाडी येणार असली की कोकणात निघालेली गाडी वीरला उभी. गाडी उभी, डबे उभे, फलाटावर माणसंही उभी. पण वेळापत्रकात थांबा नाही, म्हणून तिकीट नाही. काका म्हणाले ते हेच.

मग गरिबाची गाडी कुठली? पॅसेंजर. रत्नागिरी-दादर पॅसेंजर कोरोनानंतर दिव्यापर्यंतच आणून ठेवली. तांदळाचं गाठोडं, फणस, कडेवर पोर घेऊन दिव्याला उतरायचं आणि भरलेल्या लोकलमध्ये घुसायचं. हे ज्याने ठरवलं, त्याने एकदा आपल्या आईला घेऊन असा प्रवास करून दाखवावा.

वर तिकिटाचा हिशेब. कोकण रेल्वेवर भाड्यासाठी अंतर 40 टक्के वाढवून धरतात. प्रवास शंभर किलोमीटरचा, भाडं 140 चं. मार्ग अवघड, कर्ज फेडायचं, हे सुरुवातीला समजू शकतो. पण 1998 मध्ये पूर्ण मार्ग सुरू झाला, 2022 मध्ये विद्युतीकरण झालं, तरी कोकणी माणसाने जादा का मोजायचं? 1999 पासून याच रुळांवर ट्रक रेल्वेवर चढून जातात. ट्रकाला जागा आहे, माणसाला नाही!

आता काही शहाणे म्हणतील, प्रत्येक खेड्यात थांबली तर ती एक्सप्रेस कसली? मान्य. राजधानी वीरला थांबवा असं कुणी म्हणत नाही. पण मग सगळीकडे थांबणारी गाडी दादरपर्यंत नेणं ही तुमची जबाबदारी आहे. एक्सप्रेसही नाही आणि पॅसेंजरही अर्धवट, हा कुठला न्याय?

आणि पुण्यात बसून मी का ओरडतोय? कारण पुण्यातून कोकणात रेल्वेने जायचं तर आजही पनवेलला वळसा. कोल्हापूर-वैभववाडी मार्ग 2016-17 च्या अर्थसंकल्पात आला, अजून गाडी कुठाय? घाट बंद पडला की आपण सगळेच अडकतो.

मे 2025 मध्ये महाराष्ट्राने कोकण रेल्वेच्या भारतीय रेल्वेतील विलीनीकरणाला संमती दिली. नाव 'कोकण रेल्वे'च राहावं, असा आग्रह धरला. चांगलं आहे. पण नाव राखून पोट भरत नाही. जादा भाडं रद्द, पॅसेंजर पुन्हा दादरला, वीरच्या पुढे दुपदरीकरण आणि वीरसारख्या स्टेशनांवर निदान काही गाड्यांना हक्काचा थांबा. या चार गोष्टी लेखी मागितल्या का? आपल्या खासदार-आमदारांना हा एकच प्रश्न विचारा.

ज्यांच्या जमिनीवरून रूळ गेले, त्यांनी फलाटावर उभं राहून गाड्या मोजायच्या नाहीत. त्यांनी गाडीत बसायचं आहे.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण गप्प बसू नका.