‘पालकांच्या विनंतीवरून’

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्तणुकीचा एक रकाना असतो आणि शाळा सोडण्याच्या कारणाचा दुसरा. शाळेला नकोशा झालेल्या विद्यार्थ्याच्या दाखल्यावर पहिल्या रकान्यात ‘चांगली’ आणि दुसऱ्यात ‘पालकांच्या विनंतीवरून’ असे शब्द पुष्कळदा आढळतात. वस्तुतः पालकांनी विनंती केलीच असेल, तर ती मुलाला राहू द्यावे अशी. ‘तुम्हीच अर्ज द्या, म्हणजे आम्ही दाखला खराब करणार नाही,’ असे त्यांना मुख्याध्यापकांच्या खोलीत सांगण्यात येते, आणि हमालीवर किंवा धुण्याभांड्यांवर घर चालविणारा तो पालक शाळेचे उपकार मानून सही करतो. शाळेच्या दप्तरी मग कोणाचीच हकालपट्टी झालेली नसते.

कायद्यापुरता हा प्रश्न निम्मा सुटलेला आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १६ व्या कलमानुसार आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. याच कलमात मुलांना त्याच वर्गात मागे न ठेवण्याचीही तरतूद होती. तिच्यावर बराच वाद झाला आणि २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत, फेरपरीक्षेनंतरही अनुत्तीर्ण राहणाऱ्यांना मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. हकालपट्टीवरील बंदी मात्र संसदेने कायम ठेवली.

हे संरक्षण नववीच्या उंबरठ्यावर संपते, आणि नेमके तेथेच शाळांचे लक्ष दहावीच्या निकालाकडे वळते. शंभर टक्के निकालाचा फलक फाटकावर लावावयाचा तर गणितात व इंग्रजीत अडखळणारी दहा-बारा मुले आधीच पटावरून कमी झालेली बरी, असा हिशेब कोणी उघडपणे मांडीत नाही. पण नववीच्या वर्षअखेरीस ‘दाखला घ्या आणि सतरा नंबरचा फॉर्म भरा’ हा सल्ला अनेक पालकांच्या कानी पडतो. शिक्षण सुटलेल्यांना बाहेरून परीक्षा देता यावी म्हणून असलेली ही सोय शिकत असलेल्यांना बाहेर काढण्याची वाट बनते. यात बेशिस्तीचे निमित्तही सहज मिळते. फळ्यावरचे काही उमगत नसलेला मुलगा तासन्‌तास मुकाट बसेलच असे नाही.

शाळेचा निर्णय चुकला, तर न्याय मिळेपर्यंत काय होते हे केरळातील एका प्रकरणात दिसले. १९८५ च्या जुलै महिन्यात तेथील तीन भावंडांना शाळेतून काढण्यात आले. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण आपल्या पंथाच्या श्रद्धेमुळे गात नसत. मुलांनी कोणताही अनादर केलेला नाही, असे चौकशीत निष्पन्न झाले होते. तरीही वरून आदेश आला आणि मुख्याध्यापिकेने तो पाळला. उच्च न्यायालयात दाद लागली नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट १९८६ रोजी त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. थोरला दहावीत होता. सत्य त्यांच्या बाजूला असूनही निकालास वर्षाहून अधिक काळ गेला, आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाण्याची चिकाटी किती पालकांच्या अंगी असणार?

अमेरिकेत ओहायो राज्यातील कोलंबस येथील विद्यार्थ्यांना सुनावणीवाचून दहा दिवसांपर्यंत निलंबित केल्याचे प्रकरण तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. १९७५ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला, की इतक्या अल्प शिक्षेपूर्वीही विद्यार्थ्याला आरोप सांगितला पाहिजे आणि त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. त्याने अन्याय संपला असे नव्हे. २०१३-१४ मध्ये तेथील सार्वजनिक शाळांत कृष्णवर्णीय विद्यार्थी सुमारे १५.५ टक्के होते, तर निलंबितांमध्ये त्यांचे प्रमाण ३९ टक्क्यांच्या आसपास होते. परंतु तेथे निलंबनाची नोंद होते, म्हणून हा पक्षपात आकड्यांत पकडता तरी आला. आपल्याकडे विनंतीअर्जांच्या गठ्ठ्यात कोणाची मुले गेली हे कोणी सांगावे?

शिक्षकांची अडचण खोटी नाही. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात एकजण चाकू दाखवीत असेल, मुलींची वाट अडवीत असेल, तर बाकीच्यांच्या रक्षणाची जबाबदारी शिक्षकावरच येते, आणि अशा मुलाला काही दिवस वर्गाबाहेर ठेवणे भागही पडेल. पण मग तसे लेखी नमूद करण्यास संकोच का वाटावा? आरोप कागदावर यावा, मुलाचे म्हणणे त्याखाली यावे, आणि कायमचे दूर करण्याची वेळ आलीच तर दुसऱ्या शाळेतील जागा निश्चित झाल्याखेरीज दाखला हाती ठेवू नये. खरे कारण दाखल्यावर लिहावे असे आम्ही म्हणणार नाही. तो डाग मुलाला जन्मभर पुरेल. ते शिक्षणाधिकाऱ्यांना स्वतंत्रपणे कळवावे. अनुदानित शाळांतील शिक्षकांचे पगार सरकारी तिजोरीतून होतात. तेव्हा पटावरचे नाव का गेले हे विचारण्याचा अधिकार सरकारला निश्चितच आहे. शाळेचा गेल्या जूनमधील नववीचा पट आणि यंदाचा दहावीचा पट शेजारी ठेवून गळालेली नावे काढणे हे कोणत्याही शिक्षणाधिकाऱ्याचे एका दुपारचे काम आहे. त्या नावांच्या घरी एक माणूस पाठवावा आणि अर्ज कोणी लिहून दिला, एवढेच विचारावे.