खिडकीतला हात

माझे बाबा मालगाडीच्या इंजिनावर फायरमन होते. 1980 च्या दशकात वाफेची इंजिनं मोडीत निघू लागली, तसे हौशी छायाचित्रकार आमच्या यार्डात येऊ लागले, अगदी परदेशातूनही. त्यांना हवं असे ते 'डब्ल्यूजी' इंजिन. खास मालगाड्यांसाठी 1950 ते 1970 या काळात अशी दोन हजारांहून अधिक इंजिनं बनली. चित्तरंजनच्या कारखान्यातल्या शेवटच्या 'डब्ल्यूजी' इंजिनाचं नाव होतं 'अंतिम सितारा'.

इंजिन नीट दिसावं म्हणून पाहुणे खुणावत, "जरा बाजूला व्हा." बाबा हसून आत सरकत आणि भट्टीत कोळसा टाकत. फोटोत काळा धूर तर हवाच ना!

1995 मध्ये ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित सेवा संपली. पुढं बाबाही गेले. घरात त्यांचा कामावरचा एकही फोटो नाही.

परवा मुलीनं इंटरनेटवर असे जुने फोटो शोधून दाखवले. एका फोटोत इंजिनाच्या खिडकीबाहेर फक्त एक हात दिसत होता, मनगटाला हिरवी चिंधी बांधलेला. आई बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "माझ्याच पातळाची आहे ती."

फोटो काढाल, तेव्हा यंत्राजवळच्या माणसालाही बोलवा.