दिवसअखेर एक, केंद्रे दोन

शाखेचे शटर खाली ओढले म्हणजे बँकेचा दिवस संपला, असे ग्राहकांना वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात हिशेबाचा दिवस त्यानंतर मिटतो. दिवसाचे व्यवहार बंद करणे, व्याज आकारणे, कर्जाचे हप्ते वळते करणे, तेरीज जुळवणे आणि नवी तारीख उघडणे ही कामे ठरलेल्या क्रमानेच व्हावी लागतात. खतावण्यांच्या काळी हा क्रम अनुभवी हेडक्लार्कच्या डोक्यात असे; आज तो 'शेड्युलर' नावाच्या संगणक प्रणालीत असतो. आधीचे काम बिनचूक पूर्ण झाल्याशिवाय ती पुढचे काम सुरू करीत नाही.

हा क्रम बिघडल्यास काय होते, हे जून २०१२ मध्ये ब्रिटनच्या आर.बी.एस. समूहाने अनुभवले. शेड्युलरची सुधारित आवृत्ती बसवल्यावर दोष आढळला, म्हणून ती काढून टाकण्यात आली. मात्र काढण्याचे परिणाम आधी तपासलेले नव्हते. रात्रीची कामे तुंबली आणि ६५ लाखांहून अधिक ग्राहकांना त्याची झळ पोहोचली. २०१४ मध्ये तेथील नियामकांनी एकूण ५ कोटी ६० लाख पौंड दंड केला. पैसा कोणी चोरला नव्हता. हरवला होता तो कामांचा क्रम.

चेन्नईला दुसरा धडा निसर्गाने दिला. डिसेंबर २०१५ च्या आरंभी तांबरम येथे चोवीस तासांत सुमारे ४९ सेंटिमीटर पाऊस कोसळला. अड्यार नदीचे पाणी विमानतळाच्या धावपट्टीवर आले. २ डिसेंबरला 'द हिंदू' या दैनिकाचा चेन्नईचा अंक छापताच आला नाही. १८७८ पासून असे प्रथमच घडले. बातम्या तयार होत्या, छापखाना होता; कामगार मात्र शहराबाहेरील छापखान्यापर्यंत पोहोचू शकले नाहीत. बँकांनी हे उदाहरण विसरू नये.

माहितीची प्रत दूरच्या शहरात ठेवली की आपण सुरक्षित झालो, हा समज अपुरा आहे. ती प्रत म्हणजे केवळ खतावणी होय. कामांचा क्रम, कोणते काम कोठवर झाले याची नोंद आणि ते चालवू शकणारी माणसे हीही दुसऱ्या केंद्रावर हवीत. तथापि, दोन शेड्युलर एकाच वेळी जागे राहिले तर व्याज दोनदा जमा होईल आणि कर्जाचा हप्ताही दोनदा कापला जाईल. दोन केंद्रांमधील दळणवळण तुटले की प्रत्येकाला दुसरे बंद पडल्याचा भास होतो. धोका खरा तेव्हाच असतो. म्हणून सूत्रे कोणाकडे, हा निर्णय यंत्रावर न सोडता जबाबदार अधिकाऱ्याने घ्यावा आणि त्याची लेखी नोंद ठेवावी, असे माझे मत आहे.

पूर्वी रात्रीची चूक सकाळपर्यंत निस्तरता येई. १६ डिसेंबर २०१९ पासून एन.ई.एफ.टी. दिवसरात्र, दर अर्ध्या तासाच्या तुकडीने चालते. ती उसंत आता उरलेली नाही. रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर २०२३ च्या निर्देशांनुसार महत्त्वाच्या प्रणालींचा सराव किमान सहामाही व्हावा आणि त्यात दुसऱ्या केंद्रावरून दिवसारंभ ते दिवसअखेर असे पूर्ण कामकाज चालवावे, अशी अपेक्षा आहे. मी एक पाऊल पुढे जाऊन म्हणेन की, असा एखादा सराव महिनाअखेरीच्या गर्दीत व्हावा आणि त्या दिवशी मुख्य केंद्रातील तज्ज्ञांना दूरध्वनी करण्यास मनाई असावी. यात जोखीम आहे, खर्चही आहे. परंतु पुराच्या रात्री दूरध्वनी लागेलच, याची हमी कोण देणार?

ग्राहकांनाही एक विनंती आहे. 'सेवा काही काळ उपलब्ध नसेल' असा पूर्वसूचनेचा संदेश येतो, तेव्हा त्यामागे असा सराव असू शकतो. तेरीज जुळल्याशिवाय घरी न जाणाऱ्या आमच्या ज्येष्ठांची शिस्त आता दोन शहरांत पाळायची आहे. त्यासाठी आपली थोडी गैरसोय झाली, तर ती आपण सोसावी.