परिषदेचे निमंत्रण कोणाला?

जयपूर येथे २००७ च्या ऑक्टोबरअखेरीस बारावी जागतिक सरोवर परिषद भरली. राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. जपानस्थित आंतरराष्ट्रीय सरोवर पर्यावरण समिती आणि भारताचे पर्यावरण व वन मंत्रालय यांनी योजलेल्या या परिषदेस 'ताल' असे नाव देण्यात आले होते. नावासाठी तळ्याचा देशी शब्द निवडला गेला. शोधनिबंधांचा संग्रह मात्र इंग्रजीत निघाला.

ही विसंगती किरकोळ नव्हे. अशा परिषदांचा बराचसा भार विनावेतन काम करणाऱ्या अभ्यासकांच्या समित्या वाहतात. निबंधांची निवड, शुल्कातील सवलत, प्रवासखर्चाचे साहाय्य, दुभाष्यांची सोय हे सारे त्यांच्याच बैठकांत ठरते, आणि सभागृहात कोण बसणार हेही तेथेच ठरून जाते. बंगळुरू येथे २०१० मध्ये सुरू झालेल्या संवर्धन विज्ञानाच्या विद्यार्थी परिषदेने आशिया व आफ्रिकेतील तरुण संशोधकांना दार उघडून दिले. पाणथळ जागांवर पोट असणाऱ्यांसाठी ते अद्याप किलकिलेच आहे.

जयपूरपासून सुमारे ८० किलोमीटरवरील सांभर सरोवर १९९० मध्ये रामसर यादीत समाविष्ट झाले. नोव्हेंबर २०१९ मध्ये तेथे बॉट्युलिझममुळे हजारो पक्षी मृत्युमुखी पडले. पाण्याची पातळी व खारेपणा यांतील फरक मिठागरांवर राबणाऱ्यांना रोजच्या कामातून कळतो. निबंधाच्या साच्यात मात्र हे ज्ञान सहसा बसत नाही. २०२० मध्ये लोणारही रामसर यादीत आले. तेथील परिषदेची निमंत्रणपत्रिका कोणत्या भाषेत काढायची, हे महाराष्ट्रातील आयोजकांनाही ठरवावे लागेल.