पोकळ गिटारीचा कैवार

धुळ्याकडच्या लग्नसराईत बेंजो वाजवून शिक्षणाचा खर्च भागवणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याला इलेक्ट्रिक गिटार घ्यायची आहे. वरातीतल्या अहिराणी चाली तिच्यावर डिस्टॉर्शन लावून वाजवाव्यात, हा त्याचा मानस. जळगावच्या दुकानदाराने भरीव लाकडाची गिटार सुचवली. पोकळ गिटार असल्या आवाजात शिट्ट्या मारील, असे बजावले. सल्ला व्यवहारतः चूक नाही. तरी मी 'पोकळच घे' म्हटले. पैसे त्याचे असल्याने या मताचे समर्थन करणे मला भाग आहे.

स्पीकरमधला आवाज पोकळ गिटारीच्या पातळ लाकडावर आदळतो, लाकूड आणि तारा पुन्हा थरथरतात, पिकअप ते कंपन पुन्हा अ‍ॅम्प्लिफायरकडे धाडतो आणि चक्र थांबेनासे होते. हाच फीडबॅक. डिस्टॉर्शनमध्ये आवाज अतोनात वाढवून त्याची शिखरे छाटली जातात. त्यामुळे क्षीण कंपनही मोठ्या स्वराच्या बरोबरीला येते आणि चक्र लवकर पेट घेते. गिब्सनने १९५८ साली ईएस-३३५ च्या पोटात भरीव ठोकळा बसवला, तो यावरचाच तोडगा. बी. बी. किंग यांच्या 'ल्युसिल' या नावाने १९८० च्या दशकात निघालेल्या गिटारीला तर ध्वनिछिद्रेच ठेवली नाहीत. उलट बीटल्सनी १९६४ साली 'आय फील फाइन'ची सुरुवातच फीडबॅकने केली.

मग हा हट्ट कशासाठी? भरीव गिटार भोवतालाला सहसा दाद देत नाही. पोकळ गिटार मात्र भिंती, छप्पर, वादक किती पावलांवर उभा आहे, सारे ऐकते. बेंजोवाल्याला हे नवे नाही. जपानच्या ताइशोगोतोपासून आलेले, टंकलेखन यंत्रासारख्या कळांचे हे वाद्य आपल्याकडे भोंग्यांतून फाटत वाजते आणि सुशिक्षित घरांत त्याला गोंगाट म्हणतात. जिमी हेन्ड्रिक्सचा फाटका आवाज त्याच घरांत कला ठरतो. (हा दुटप्पीपणा माझ्याही घरचा आहे.) या मुलाला फाटका आवाज परका नाही, तो आवरायचा कसा, एवढेच शिकायचे आहे.

आवरणे हे बव्हंशी अंगवळणी पडण्याचे काम आहे. गेन वाटतो त्याच्या निम्माच ठेवावा. खर्ज थोडा कमी करावा, कारण पोकळ पेटी तिथेच आधी घुमते. स्पीकरसमोर न राहता बाजूला उभे राहावे, न वाजणाऱ्या तारांवर तळहात टेकवावा, दोन ओळींमधल्या विरामात गिटारीवरचा आवाज बंद करावा. छिद्रांत फोमचा बोळा घालणे मी शेवटच्या उपायांत धरतो. वरातीच्या गाडीवर, भोंग्यांशेजारी, यातले काहीच पुरणार नाही. तिथे त्याने बेंजोच वाजवावा.

परवा त्याने दुकानातच पोकळ गिटार अ‍ॅम्पसमोर धरून पाहिली. ती घुमू लागली. तो एक पाऊल सरकला, तसा स्वर बदलला; पुन्हा मागे आला, पहिला स्वर परतला. दुकानदाराने बटण बंद केले.