गणित कळत नाही म्हणे!

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या चाहत्यांवर आमच्या सॉफ्टवेअरवाल्या जमातीचा एक ठरलेला आरोप असतो: यांना गणित कळत नाही. टीम कॉम्प्युटरच्या क्रमवारीत घसरली की कॉम्प्युटर मूर्ख, वर चढली की सगळे चिडीचूप. अटलांटात प्रोजेक्टवर होतो तेव्हा जेवणाच्या टेबलावर हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी त्याचाच राग यायला लागला. कारण मी स्वतः इंजिनिअर आहे आणि या भांडणात मी चाहत्यांच्या बाजूने आहे.

आधी भानगड समजून घ्या. फुटबॉल म्हणजे त्यांचा, अंडाकृती चेंडूचा. वरच्या श्रेणीत कॉलेजांच्या सव्वाशेच्या आसपास टीम आणि मोसमात एकेकीच्या वाट्याला जेमतेम बारा-तेरा मॅच. म्हणजे शंभरावर टीमशी गाठच पडत नाही. आयपीएलसारखं सरळ पॉइंट्स टेबल इथे काय कामाचं? बाराच्या बारा जिंकणारी टीम तगड्यांना लोळवून आली की लिंबूटिंबूंना, हे ठरवायला गणित लागतंच. याबद्दल चाहत्यांचीही फारशी तक्रार नाही.

१९९८ ते २०१३ या मोसमांत बोल चॅम्पियनशिप सीरिज, म्हणजे बीसीएस, नावाची व्यवस्था होती. माणसांची मतं आणि कॉम्प्युटरची रेटिंग्ज एकत्र घोटायची, वर आलेल्या दोन टीमना फायनल खेळवायची. २००३ साली पत्रकार आणि प्रशिक्षक या दोघांच्याही मतदानात यूएससी पहिली होती. फायनलला गेल्या ओक्लाहोमा आणि एलएसयू. त्यातली ओक्लाहोमा आदल्याच मॅचमध्ये कॅन्सस स्टेटकडून ३५-७ असा सपाटून मार खाऊन आलेली. फायनल एलएसयूने जिंकली, पण पत्रकारांनी आपलं पहिलं स्थान यूएससीलाच दिलं. एका मोसमाचे दोन विजेते! खापर फुटलं कॉम्प्युटरवर. पुढच्या वर्षी सूत्र बदलून दोन तृतीयांश वजन माणसांच्या मतांना दिलं, आणि त्याच वर्षी एकही मॅच न हरलेली ऑबर्न बाहेर बसली.

पण खरी गंमत आतल्या कारभारात होती. २००२ पासून बीसीएसने कॉम्प्युटरवाल्यांना फर्मान काढलं: किती पॉइंट्सनी जिंकलात हे बघायचं नाही, फक्त जिंकलात की हरलात तेवढं. हेतू चांगला होता. दुबळ्या टीमला उगाच धुऊन काढण्याचा मोह कोणाला होऊ नये. पण बारा मॅचच्या तुटपुंज्या डेटातली कामाची माहिती काढून घ्यायची आणि मग उत्तर चुकलं की यंत्राकडे बोट दाखवायचं, याला काय म्हणणार? जेफ सॅगरिनकडे तर दोन रेटिंग्ज होती. अंदाज वर्तवायला कोणतं सरस, तर पॉइंट्स मोजणारं, असं तो स्वतः सांगायचा. बीसीएसला जायचं दुसरं. हे सगळं बघून २००६ मध्ये हॅल स्टर्न या संख्याशास्त्रज्ञाने आपल्या व्यवसायबंधूंना बीसीएसवर बहिष्कार टाकायचं जाहीर आवाहन केलं. आता त्यालाही गणित कळत नव्हतं का?

आता माझा आवडता किस्सा, डिसेंबर २०१० चा. बीसीएसमध्ये तेव्हा सहा कॉम्प्युटर रेटिंग्ज होती. सहापैकी पाचांचं सूत्र गुलदस्त्यात. सहावा वेस कॉली, मूळचा खगोलभौतिकीवाला; त्याने आपली अख्खी पद्धत जाहीर केली होती. ती सुंदर आहे. प्रत्येक टीम अर्ध्यावरून सुरू होते, मग जय-पराजय आणि प्रतिस्पर्ध्यांची ताकद धरून एकसामयिक समीकरणांचा एक संच सोडवायचा. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं मॅट्रिक्स आठवत असेल तर एका संध्याकाळी पायथॉनमध्ये होतं. (मी केलंय.) त्या वर्षी जेरी पाम या क्रमवारीच्या अभ्यासकाने गणित पुन्हा मांडलं तर उत्तर जुळेना. शोधलं तर खालच्या श्रेणीतल्या प्लेऑफची एक मॅच, वेस्टर्न इलिनॉय विरुद्ध ॲपलाचियन स्टेट, कॉलीच्या डेटात भरलीच गेली नव्हती. एक ओळ राहिली म्हणून अंतिम क्रमवारीत एलएसयू दहावी आणि बॉइसी स्टेट अकरावी झाली होती. दुरुस्ती झाल्यावर दोघींची अदलाबदल झाली.

त्यावर गदारोळ काय झाला, तर बघा, कॉम्प्युटर चुकतात! अरे बाबांनो, चूक सापडली ती एकट्या कॉलीचीच का? तपासता येत होतं ते एकटं त्याचंच. उरलेल्या पाचांत किती ओळी राहून गेल्या असतील, हे बाहेरच्या कोणाला कधी कळणार? आमच्या ऑफिसात कोणी टेस्टशिवाय, रिव्ह्यूशिवाय कोड प्रॉडक्शनला ढकलला तर आम्ही त्याला फाडून खातो. इथे मात्र तोच बंद डबा पुढे करून चाहत्याला ‘गणित शीक’ म्हणतो.

‘पण कॉम्प्युटर निष्पक्ष असतो ना?’ एका पद्धतीत मोसम सुरू व्हायच्या आधीच मागच्या वर्षीची क्रमवारी धरलेली असायची, कॉलीकडे सगळे समान. यातलं निष्पक्ष कुठलं? दोन्ही माणसांनीच घेतलेले निर्णय आहेत, नुसते दशांश चिन्हामागे लपलेले. चाहता स्वार्थी असतो, कबूल. ऑबर्नवाला ऑबर्नसाठीच ओरडणार. पण सगळ्यात कामाचे बग रिपोर्ट ज्याचं काम अडलंय त्याच्याकडूनच येतात, हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक?

२०१४ पासून रेटिंग्ज हद्दपार झाली आणि तेरा जणांची समिती आली. २०२३ मध्ये याच समितीने १३-० अशी अपराजित, आपल्या कॉन्फरन्सची विजेती फ्लोरिडा स्टेट बाहेर ठेवून एक मॅच हरलेली अलाबामा चौघांत घेतली. कारण काय, तर क्वार्टरबॅक जखमी असल्याने ती टीम आता पूर्वीची राहिली नाही. जखमी क्वार्टरबॅकचे किती गुण कापायचे? तेरा अपराजित मॅचना वजन किती? याचं उत्तर कुठल्याच सूत्रात लिहिलेलं नव्हतं. फ्लोरिडा स्टेटचे चाहते संतापले. पण कॉलीच्या वेळी पामला निदान राहून गेलेली मॅच तरी सापडली होती. यांनी काय तपासायचं होतं?